आजीच्या डब्यातली नाणी: आधी घासू नका, मग बाकीचं बोलू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की आजी गेल्यावर तिच्या पितळी डब्यात तीसेक नाणी सापडली, त्यात सातआठ चांदीचे रुपये, काही तांब्याची जाड नाणी, एकावर देवनागरीत 'श्री राजा' एवढं वाचता येतंय, थोडे भोकाचे पैसे आणि एक राम-सीतेचं चित्र असलेलं. गावातल्या सराफाने रुपयांचा वजनावर भाव सांगितला, दुसरीकडे व्हिडिओत लाखोंचे आकडे दिसले, आणि तुम्हाला आता विकण्यापेक्षा हा छंदच शिकायचाय, तर सुरुवात कुठून करायची. मी बावीस वर्षं नाणी जमवतोय, शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं) आणि ब्रिटिश रुपये हे माझे मुख्य विषय, त्यामुळे जे हाताने शिकलोय ते सांगतो, जरा लांबेल.

पहिलं काम म्हणजे काहीही घासू नका. आपल्याकडे दिवाळीला लक्ष्मीपूजनात चांदीचे रुपये ठेवतात आणि त्याआधी चिंच, राख नाहीतर पॉलिशची पावडर लावून लख्ख करतात, पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय आणि त्यामागची श्रद्धा मला मान्य आहे, पण नाण्याच्या दृष्टीने दर घासणीला त्याचा एक थर जातो. भिंगाखाली बघितलं ना तर घासलेल्या रुपयावर बारीक बारीक समांतर ओरखडे दिसतात, केसांसारखे, आणि टाकसाळीतून येताना असलेली ती चमक, जी नाणं फिरवलं की चाकाच्या आऱ्यासारखी गोल फिरते, ती कायमची गेलेली असते. ती परत आणता येत नाही, कुठल्याही केमिकलने नाही. काळपट पडलेला पण न घासलेला रुपया हा चकाकणाऱ्या घासलेल्या रुपयापेक्षा बहुतेक वेळा जास्त किमतीचा. अगदी माती किंवा कुंकू चिकटलं असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोनचार दिवस बुडवून ठेवा, पाणी बदलत रहा, मग मऊ कापडावर ठेवून टिपा, पुसू नका. पूजेसाठी एखादा रुपया बाजूला काढा, खुशाल तोच दरवर्षी वापरा, बाकीचे सोडा.

दुसरं काम, जे कोणी करत नाही आणि नंतर हळहळतं, ते म्हणजे लिहून ठेवणं. डबा कोणाचा, आजीचं माहेर कुठलं, कोणतं नाणं कोणत्या पुरचुंडीत होतं, सोबत काय होतं, सगळं एका वहीत. तुम्हाला वाटेल तीस नाण्यांसाठी कशाला. पण नाणी एकत्र सापडली आणि एकत्र राहिली की ती बोलतात. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एका ठिकाणी मिळाली, सगळी क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या बऱ्याच मोठ्या भागावर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप परत ठोकलेला. म्हणजे हरलेल्या राजाची नाणी जिंकलेल्या राजाने कशी आपली करून चालवली, हे त्या ढिगाने दाखवलं. तीच नाणी गुपचूप वितळवली असती किंवा सुटी सुटी दहा गावांत विकली गेली असती तर एवढा मोठा पुरावा हातातून गेला असता. तुमचा डबा लहान आहे पण नियम तोच.

आता वजन. दोन दशांशापर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या, ऑनलाइन स्वस्तात मिळतो, सोबत दहापटीचं भिंग आणि नाण्याची जाडी-रुंदी मोजायला एक व्हर्निअर. एवढ्या तीन वस्तूंवर नवशिक्याचं निम्मं काम होतं. १८३५ पासून कंपनी सरकारने सगळीकडे एकच रुपया चालू केला, १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. हाच आपला जुना तोळा, म्हणून तर जुनी माणसं 'रुपयाभार' म्हणायची, रुपया हेच वजन होतं. अधेली म्हणजे अर्धा रुपया ५.८३, पावली म्हणजे पाव रुपया २.९२ असं ते खाली येतं. वापरून झिजलेला रुपया ११.५ किंवा ११.४ भरेल, पण कोणी १०.२ भरणारा तरतरीत, न झिजलेला दिसणारा रुपया दाखवला तर हात मागे घ्या. उलटं पण लक्षात ठेवा, वजन बरोबर आलं म्हणजे नाणं खरं असं नाही, ती फक्त पहिली चाळणी.

लोहचुंबक पण ठेवा जवळ, पण नीट समजून. चांदीला तो चिकटत नाही. तुमच्या डब्यात १९४७ चा वाघ असलेला रुपया असेल तर त्याला चिकटेल, आणि बरेच नवे लोक तिथे घाबरतात की नकली निघाला. तो रुपया शुद्ध निकेलचा आहे, चिकटायलाच पाहिजे! मधले १९४० ते ४५ चे जॉर्ज सहावाचे रुपये निम्म्याच चांदीचे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, त्यामुळे तुमच्या सराफाने सगळे रुपये एकाच तराजूत टाकून एकच भाव सांगितला असेल तर तिथे कुणाचंतरी नुकसान आहे, कदाचित त्याचंही. भोकाचा पैसा पण त्याच काळातला, १९४३ ते ४७, तांबं वाचवायला मधे भोक पाडलं. तो अजून ढिगाने मिळतो, स्वस्तात, पण शिकायला फार छान, एकेक साल जमवत बसा.

आवाजाची परीक्षा म्हणाल तर आपल्या भाषेतच आहे, खणखणीत नाणं, बंदा रुपया. पण फरशीवर आपटून बघू नका हो, कडेला मार बसतो आणि त्या एका ठोक्याने ग्रेड, म्हणजे स्थितीचा दर्जा, खाली येते. बोटाच्या टोकावर रुपया तोलून ठेवा आणि पेन्सिलीने कडेला हळूच टिचकी मारा, चांदीचा सूर लांबतो, घंटेसारखा, शिशाचा किंवा ओतीव माल 'टक' करून थांबतो. एक खरा रुपया कायम त्यासाठी जवळ ठेवा म्हणजे कानाला सवय होते.

आता तुमच्या 'श्री राजा' वाल्या नाण्याकडे येतो, कारण खरं सांगायचं तर तुमचा प्रश्न वाचून मी तिथेच अडकलो. ती बहुधा शिवराई आहे. एका बाजूला तीन ओळींत श्री / राजा / शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्र / पति. १६७४ च्या राज्याभिषेकापासून हे नाणं सुरू झालं, आजूबाजूला बहुतेक सगळी नाणी फारसीत असताना हे देवनागरीत, आणि ते रयतेच्या हातात रोज फिरणारं तांब्याचं नाणं होतं, खजिन्यात ठेवायचं नाही. पहिल्यांदा शिवराई हातात घेतली तेव्हा मला बराच वेळ ती खाली ठेवता आली नव्हती, आजही नवीन मिळाली की तसंच होतं.

पण लगेच 'महाराजांच्या काळातलं नाणं' असं म्हणू नका. शिवराई महाराजांच्या नंतर, पार पेशवाई संपेपर्यंत, त्याच नावाने पाडली गेली, वेगवेगळ्या गावी, खाजगी टाकसाळीतून सुद्धा. म्हणून अक्षरं बघायची. 'शिव' कुठे शिव, कुठे शीव, कुठे सिव, कुठे सीव असतं. अक्षरांच्या मधे दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी शिवराई, ती नंतरची आणि सगळ्यात जास्त सापडणारी, साध्या स्थितीत काहीशे रुपयांत मिळते. जुन्या शिवराया साधारण जाड, वजनदार, अक्षरं मोकळी आणि भोवती ठिपक्यांचं वर्तुळ, आणि पूर्ण ठिपके दिसणारी तर क्वचितच, कारण ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे कारागिराने हातोडा मारला की अक्षरांचा थोडा भाग चकतीबाहेरच जायचा. तुमच्या नाण्यावर 'शिव' दिसत नाही ते झिजल्यामुळे असेल किंवा मुळातच चकतीवर उतरलं नसेल, दोन्हीत फरक आहे. तिरका उजेड पाडून बघा, टॉर्च बाजूने धरा, झिजलेलं अक्षर सावलीत किंचित उठतं, न उतरलेलं उठत नाही.

नकली कशी ओळखायची ते मी पैसे घालवून शिकलो. दुसऱ्याच वर्षी एका गडाच्या पायथ्याशी एका विक्रेत्याकडून पाच शिवराया एकदम घेतल्या, माती लागलेल्या, हिरवट, आणि त्याने गोष्ट पण सांगितली की नांगरताना सापडल्या. घरी येऊन ओळीने मांडल्या आणि अर्ध्या तासाने लक्षात आलं की पाचपैकी तिघींच्या कडेला, 'श्री'च्या डाव्या अंगाला, एकसारखी चीर आहे. तीच लांबी, तोच वाक. हाताने ठोकलेल्या नाण्यात हे होऊच शकत नाही. ठसा एकच असला तरी चकती प्रत्येक वेळी वेगळी फाटते, छाप वेगळीकडे सरकतो. एका खऱ्या नाण्याचा साचा काढून त्यात ओतलेल्या होत्या त्या, चिरेसकट. मग भिंगाखाली बाकीचं पण दिसलं, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत, सपाट जागेवर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे, आणि कडेवर गोल फिरलेली एक रेघ, साच्याचे दोन भाग जुळतात तिथली. खऱ्या ठोकीव नाण्यात अक्षर आणि सपाट भाग यांच्यातला कोपरा धारदार असतो, धातू दाबाने वर चढलेला दिसतो. त्या तीन नकली मी आजही वेगळ्या पाकिटात ठेवल्यात, कोणी शिकायला आलं की आधी त्याच हातात देतो.

सोन्याचा होन हा विषय काढणारा विक्रेता भेटला तर तिथून निघा. महाराजांचा खरा होन अतिदुर्मिळ आहे, तो बाजारात असा कोणाच्या खिशातून निघत नाही.

आणि ते राम-सीतेचं. वाईट वाटेल पण सांगायला हवं, त्यावर इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आणा आणि १८१८ असं काही असेल तर ते कंपनीचं नाणं नाहीच. कंपनीने राम दरबार, हनुमान, कमळातली लक्ष्मी असली चित्रं असलेली आण्याची नाणी कधीच पाडली नाहीत. हे नंतर बनवलेले टोकन आहेत, देवळाबाहेर विकायचे, देव्हाऱ्यात ठेवायचे. आजीने श्रद्धेने ठेवलं असेल तर देव्हाऱ्यात परत ठेवा, पण त्यावर तांदूळ चिकटतात, वीज पडते, लाखो मिळतात असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. मुंबई इलाख्यातलं कंपनीचं खरं तांब्याचं नाणं बघायचं तर १८०४ चं बघा, एका बाजूला कंपनीचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला तराजू आणि त्याच्या पारड्यांमधे फारसीत 'अदल', म्हणजे न्याय. आपल्या भागात ते अजून मिळतं आणि नवशिक्याच्या खिशाला परवडतं.

व्हिडिओंबद्दल एकदाच बोलतो. २०१२ चं वैष्णोदेवीचं पाच किंवा दहाचं नाणं असेल तर लाखो रुपये, हे मी हजार वेळा ऐकलंय. ते चलनात आलेलं नाणं आहे, भरपूर पाडलंय. पद्धत अशी असते की आधी तुमच्या नाण्याला पाच लाख सांगतात, मग रजिस्ट्रेशन फी, मग जीएसटी, मग कुरियर, आणि रिझर्व्ह बँकेचं खोटं पत्र पाठवतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की असल्या व्यवहारात बँक नाही, कोणाला फी घ्यायला नेमलेलं नाही. नाणं विकणारा पैसे देत नसतो, घेत असतो, एवढं धरून चला. माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त मास्तरांची पेन्शनची रक्कम यात गेली, म्हणून हा परिच्छेद लांबला.

मग किंमत ठरते कशावर? वयावर नाही. हे पचायला वेळ लागतो. अडीचशे वर्षांची दुदांडी शिवराई काहीशे रुपयांत आणि १९३९ चा जॉर्ज सहावाचा रुपया लाखांत, कारण १९३९ चे फार थोडे बाहेर आले. किती शिल्लक आहेत, किती लोकांना हवंय, आणि कोणत्या स्थितीत आहे, या तिन्हींचा तो खेळ आहे. १९३९ हातात आलाच तर आधी शेवटचा आकडा भिंगाखाली धरा, कारण १९३८ च्या ८ ला खरवडून ९ केलेले फिरतात, वजन चांदी सगळं बरोबर, फक्त आकड्याभोवतीची सपाट जागा खरवडलेली आणि ९ ची शेपटी बाकीच्या ९ शी जुळत नाही.

तुमच्या रुपयांमध्ये व्हिक्टोरिया राणीचे असतील तर सालाने फसू नका. १८४० साल छापलेले रुपये १८६१ पर्यंत पाडत होते, १८६२ साल छापलेले १८७४ पर्यंत. साल तेच ठेवलं, पण मुंबईच्या टाकसाळीने मागच्या बाजूला बारीक ठिपके टाकायला सुरुवात केली, कुठे सालाखाली, कुठे वरच्या फुलापाशी, आणि त्या ठिपक्यांच्या संख्येवर जमवणारे लोक जीव टाकतात. एक ठिपका इकडे तिकडे आणि किंमत दुप्पट चौपट. १८७७ पासून 'क्वीन'ची 'एम्प्रेस' झाली. पुढे टाकसाळीची खूण मागच्या नक्षीत तळाच्या फुलाशी शोधायची, मुंबईचा इंग्रजी बी, पुढे पंचम जॉर्जच्या रुपयावर नुसता ठिपका. पंचम जॉर्जचा १९११ चा असेल तर राजाच्या झग्यावरचा हत्ती बघा. त्या वर्षी तो इतका आखूड सोंडेचा आला की लोक डुकराचा रुपया म्हणायला लागले, धार्मिक भावनांचा प्रश्न झाला, सरकारने तो मागे घेतला आणि १९१२ ला सोंड नीट करून परत काढला. दोन्ही शेजारी ठेवून बघण्यात फार मजा आहे.

स्थिती म्हणजे ग्रेड. व्हिक्टोरियाच्या रुपयावर आधी भुवईच्या वरचे केस आणि अंगरख्यावरची वेलबुट्टी झिजते, एडवर्डच्या डोक्यावर कानामागचे केस, जॉर्जच्या मुकुटाची पट्टी. जो भाग सगळ्यात उंच तो आधी जातो, तेवढं बघायची सवय लावा. आणि बारा वाजताच्या जागी कडेवर बोट फिरवा, भिंगाने दाते बघा. पूर्वी रुपयांना कडी डाखून गळ्यातल्या माळेत घालायचे, नंतर कडी काढून डाग घासून टाकतात, तिथले दाते बुजलेले आणि चांदीचा रंग जरा पिवळट दिसतो. असा रुपया जमवणाऱ्यासाठी निम्म्या किमतीचा पण नाही, मात्र तुमच्याच आजीच्या माळेतला असेल तर तो शेवटपर्यंत ठेवा, ही माझी कळकळीची विनंती.

भाव बघायचा तर विक्रेत्याने मागितलेली किंमत बघू नका, लिलावात खरोखर पडलेली बघा. लिलाव करणाऱ्या संस्थांचे जुने निकाल फोटोसकट ऑनलाइन फुकट असतात, आपल्या नाण्याशी फोटो जुळवा, आणि त्या आकड्यावर घेणारा वर कमिशन आणि जीएसटी भरतो तर विकणाऱ्याच्या हातात कमी येतात हे धरा. परदेशी कंपन्यांकडून नाणी ७० पैकी गुण देऊन प्लास्टिकच्या पेटीत बंद करून मिळतात, ते महागड्या नाण्यांना ठीक, साध्या रुपयाला ग्रेडिंगची फी लावणं म्हणजे फुकट खर्च.

ठेवायचं कुठे, तर मऊ प्लास्टिकचे जाड अल्बम टाळा, त्यातल्या पीव्हीसीने काही वर्षांत नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. पुठ्ठ्याचे दोन बाय दोनचे होल्डर घ्या, पारदर्शक फिल्म कडक असते ती चालते. रबर बँड, वर्तमानपत्र, लाकडी कपाट नको, पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि महिन्याला बदला. तांब्यावर फिकट हिरवी भुकटी, बोट लावलं की सुटणारी, दिसली तर ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा, तो तांब्याचा रोग आहे, आत खात जातो. गडद हिरवा किंवा चॉकलेटी घट्ट थर मात्र चांगला, ते नाण्याचं कवच, त्याला हात लावू नका.

बघायला जा आधी, विकत घ्यायला नंतर. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात फिरा, पण पहिले सहा महिने खिशात शंभरच रुपये न्या, नुसतं हाताळा, विचारा, वजन करा. जमलं तर फारसीचे चारपाच शब्द शिका, पेशव्यांच्या अंकुशी (अंकुशाची खूण असलेल्या) रुपयावर सुद्धा नाव दिल्लीच्या बादशहाचं आणि लिपी फारसी असते. 'जर्ब', म्हणजे 'पाडलं', हा शब्द दिसला की त्याच्या जवळ टाकसाळीचं गाव असतं. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की अंदाजे आपलं साल येतं, १२०० हिजरी म्हणजे १७८५-८६.

कायद्याचं थोडं. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर १८७८ च्या कायद्याने कलेक्टरला कळवावं लागतं, म्हणून 'शेतात सापडलं' असं सांगून विकणाऱ्याकडून घेऊच नका. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्यात पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. तुमचा भाऊ अमेरिकेत असतो आणि दोन रुपये आठवण म्हणून मागतोय असं तुम्ही लिहिलंय, तर त्याला १९४० नंतरचे द्या, १८६२ चा बॅगेत टाकू नका.

आता एवढं करा, प्रत्येक नाणं पांढऱ्या कागदावर ठेवून दोन्ही बाजू आणि कडेचा फोटो काढा, फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड, शेजारी वजन लिहिलेली चिठ्ठी. शिवराईचा फोटो टॉर्च डावीकडून धरून एक आणि उजवीकडून एक असे दोन पाठवा, 'राजा'च्या खाली रेघा आहेत का ते मला बघायचंय.